जुना ट्रम्पेट वाजता करताना

पहिला ट्रम्पेट कोणता घ्यावा, असं नव्याने शिकणारं कुणी विचारलं की मी बहुतेक वेळा जुना घ्या म्हणूनच सांगतो. तेवढ्याच पैशात नवाकोरा, चकचकीत आणि अगदी स्वस्त असा ट्रम्पेटही मिळतो. पण काही महिन्यांत त्याचे पिस्टन (बोटांनी दाबायचे दट्टे) अडखळायला लागतात, स्लाइड (आतबाहेर सरकणाऱ्या नळ्या) ढिल्या पडतात, आणि शिकणाऱ्याला वाटतं की आपल्यालाच हे वाद्य जमत नाही. चांगल्या कारखान्यात पन्नास-साठ वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांसाठी बनलेला ट्रम्पेट नीट स्वच्छ करून, तेलपाणी करून हातात घेतला, तर तो असा दगा देत नाही. शाळकरी पोरांच्या हाताळणीत टिकावा म्हणूनच तो जाड पत्र्याचा आणि भक्कम सांध्यांचा केलेला असतो.

मात्र असा ट्रम्पेट निवडताना नजर योग्य जागी हवी. ट्रम्पेटचा जीव पिस्टनमध्ये असतो. उडालेलं लॅकर (पितळेवरचा पारदर्शक लेप), काळे डाग, बेलच्या (पुढच्या फुललेल्या तोंडाच्या) कडेचा पोचा हे सगळं अंगावर घेऊन तो वर्षानुवर्षं वाजतो. पिस्टन झिजलेला ट्रम्पेट मात्र कितीही चमकवा, वाजवायला निरुपयोगीच. नवखा माणूस नेमका चमक बघून पैसे मोजतो आणि पिस्टन बाहेर काढून बघतच नाही.

आधी हवेची वाट समजून घ्या

नेहमीचा बी फ्लॅट ट्रम्पेट म्हणजे उलगडून सरळ केली तर सुमारे १.४८ मीटर भरेल अशी एक पितळी नळी. माउथपीसमधून फुंकलेली हवा आधी लीडपाइपमध्ये, म्हणजे माउथपीस बसतं त्या सरळ नळीत, जाते, तिथून मुख्य ट्यूनिंग स्लाइडचं वळण घेऊन तिसऱ्या व्हॉल्व्हमध्ये शिरते, मग दुसऱ्यात, मग पहिल्यात, आणि शेवटी बेलमधून बाहेर पडते. वाजवणाऱ्याच्या तोंडाच्या बाजूचा व्हॉल्व्ह पहिला; पण हवा त्याच्याकडे सगळ्यात शेवटी पोचते. ही उलटी वाट लक्षात ठेवा, पुढे तपासणीत ती उपयोगी पडेल.

प्रत्येक व्हॉल्व्हच्या नळकांड्यात एक दट्ट्या, म्हणजे पिस्टन, वरखाली होतो. तो दाबला की हवा एका जादा नळीतून वळसा घेते आणि सूर उतरतो: दुसऱ्या व्हॉल्व्हने अर्धा स्वर, पहिल्याने एक, तिसऱ्याने दीड. १८३० च्या दशकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये फ्रांस्वा पेरिने याने या रचनेला जे रूप दिलं, तेच थोड्याफार फरकाने आजही चालतं. पिस्टन आणि नळकांडं यांच्यातलं अंतर मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजावं इतकं बारीक असतं. तेलाचा पातळ थर ती फट भरून काढतो. ही फट झिजून वाढली की हवा आतल्या आत निसटते, सूर हलका आणि फुसका होतो, वरचे स्वर लागत नाहीत.

कोणते जुने ट्रम्पेट शोधावेत

‘व्हिंटेज’ म्हटलं की लोक शंभर वर्षांपूर्वीचा, बारीक नक्षीकाम केलेला ट्रम्पेट डोळ्यांपुढे आणतात. शिकायला तो घेऊ नका. त्या काळी सुरांची पट्टीच दोन प्रकारची होती: एक उंच, जिचा ‘ए’ स्वर साधारण ४५२ ते ४५७ हर्ट्झच्या घरात असे, आणि एक आजच्या ४४० हर्ट्झच्या जवळची. उंच पट्टीच्या वाद्यांवर कधीकधी ‘एचपी’ आणि खालच्या पट्टीच्या वाद्यांवर ‘एलपी’ असा ठसा असतो. उंच पट्टीचा ट्रम्पेट आज कुणाच्याच साथीला बसत नाही. ट्यूनिंग स्लाइड कितीही ओढली तरी बाकीचे स्वर एकमेकांशी फटकून राहतात.

नवशिक्याने दुसऱ्या महायुद्धानंतरच्या तीन-चार दशकांतली विद्यार्थी मॉडेलं शोधावीत. ओल्ड्स कंपनीचं ‘ॲम्बॅसडर’ हे माझ्या यादीत सगळ्यात वर. आधी लॉस एंजेलिस आणि नंतर फुलर्टन इथे ते भरपूर संख्येने बनलं, कारखाना १९७९ साली बंद झाला, आणि तरीही ते आजही सहज मिळतं. कॉनचं ‘डायरेक्टर’, किंगचं ‘क्लीव्हलँड’, हॉल्टनचं ‘कॉलेजिएट’, गेट्झनची विद्यार्थी मॉडेलं, यामाहाचे सत्तर-ऐंशीच्या दशकांतले ट्रम्पेट ही सगळी त्याच पंगतीतली. बाख या कंपनीचं नाव ऐकून भाव चढतो; त्याच्या व्यावसायिक मॉडेलांच्या मागे लागण्याइतकं पहिल्या वाद्यात काही अडत नाही.

काही जुन्या ट्रम्पेटवर एखाद्या दुकानाचं नाव कोरलेलं असतं. नामांकित कारखाने दुकानदारांसाठी त्यांच्या नावाने वाद्यं बनवून देत. त्यात उत्तम माल निघतो तसा सुमारही निघतो, म्हणून तिथे नावाकडे न बघता फक्त तपासणीवर भरवसा ठेवा. आणि भिंतीवर टांगायला म्हणून बनवलेले, मुद्दाम जुनाट दिसणारे पितळी ट्रम्पेट मिळतात, त्यांच्यापासून दूर राहा. त्यांचे पिस्टन नावापुरते असतात.

अनुक्रमांक बहुधा दुसऱ्या व्हॉल्व्हच्या नळकांड्यावर ठोकलेला असतो. त्यावरून बनावटीचं साल काढता येतं. पिस्टनवर क्रमांक असेल आणि तो याच्याशी जुळत असेल तर उत्तम. जुळत नसेल, तर पिस्टन दुसऱ्याच ट्रम्पेटमधून आणून बसवल्याची शक्यता असते, आणि असे पिस्टन क्वचितच नीट बसतात.

दुरून घेताना विक्रेत्याकडे काय मागावं

समोरासमोर बघून घेणं सगळ्यात चांगलं. ते शक्य नसेल तर विक्रेत्याला चार फोटो मागा: तिन्ही पिस्टन बाहेर काढून शेजारी ठेवलेले, लीडपाइप जवळून, मुख्य स्लाइड पूर्ण काढलेली, आणि बेलच्या तोंडातून डोकावल्यासारखा सरळ रेषेतला. पिस्टन बाहेर काढायला विक्रेता तयार नसेल, तर ते निघतच नसावेत असं समजून चाला. माउथपीस अडकलेलं आहे का, चारही स्लाइड हलतात का, हे दोन प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारा. ‘वाजतो का?’ असं विचारून काही कळत नाही. फुंकलं की काहीतरी आवाज प्रत्येक ट्रम्पेट काढतोच.

एक हिशेब आधीच मनाशी बांधा. ठरवलेल्या रकमेतला निम्मा भाग दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा आणि उरलेल्या निम्म्यातच खरेदी करा. शक्य असेल तर घेण्याआधी वाद्य दुरुस्त करणाऱ्या कारागिराला फोटो दाखवून अंदाज विचारून ठेवा.

हातात आल्यावर: तपासणीचा क्रम

या भागासाठी घाई करू नका. अर्धा तास लागला तरी चालेल. सोबत एक छोटी विजेरी, एक मऊ कापड, थोडं व्हॉल्व्ह ऑइल आणि स्वतःचं माउथपीस घेऊन जा.

सुरुवात पिस्टनपासून. वरची टोपी सोडवून पिस्टन सरळ वर ओढा. चांगल्या पिस्टनचा पृष्ठभाग सलग एका रंगाचा आणि गुळगुळीत असतो. निकेलचा मुलामा दिलेला असेल तर तो चंदेरी दिसेल. मोनेल या निकेल-तांब्याच्या मिश्रधातूचा असेल तर जरा मंद, राखाडी. मुलाम्याखालून पिवळं पितळ डोकावत असेल, तर तेवढा भाग झिजला. उभे खोल ओरखडे दिसले तर कधीतरी कचरा अडकून पिस्टन घासला गेलाय. बोटाच्या नखाला लागेल इतका खोल ओरखडा असेल तर तो ट्रम्पेट सोडून द्या. पुसटशा रेषा चालतात.

मग पिस्टन कोरडा पुसून पुन्हा बसवा आणि बटणाला हलकेच बाजूंना हलवून बघा. अगदी किंचित हालचाल होणारच. पण तो नळकांड्यात खुळखुळत असेल तर आतली फट वाढली आहे. आधी पुसायचं कारण असं, की जाड तेल घातलं की झिजलेला पिस्टनही घट्ट भासतो.

आता माझी सगळ्यात आवडती कसोटी. आधी पिस्टनला नेहमीचं पातळ तेल आणि स्लाइडला थोडं ग्रीस लावून घ्या. पहिला व्हॉल्व्ह न दाबता त्याची स्लाइड थोडी बाहेर ओढा आणि तशीच धरून ठेवा. पिस्टन वर असताना त्या स्लाइडची दोन्ही तोंडं पिस्टनच्या भिंतीने बंद असतात, त्यामुळे आत निर्वात पोकळी तयार होते आणि स्लाइड मागे खेचली जातेय असं बोटांना जाणवतं. मनात पाच आकडे मोजा आणि मग व्हॉल्व्ह दाबा. बाटलीचं बूच निघावं तसा ‘टप्प’ असा आवाज आला, तर पिस्टनने हवा धरून ठेवली होती. फुस्स झालं किंवा काहीच आवाज आला नाही, तर पाच आकड्यांत सगळी हवा पिस्टनच्या कडेने आत शिरली. तिन्ही व्हॉल्व्हना हे करा. दुसऱ्याची स्लाइड आखूड असते, तिथे आवाज बारीक येतो. एखादी स्लाइडच ढिली असेल तर ती बिचाऱ्या पिस्टनला बदनाम करते, म्हणून ग्रीस कंजूषपणे लावू नका. तिन्ही ठिकाणी खणखणीत ‘टप्प’ ऐकू आला की निम्मी खरेदी झाली असं मी धरतो.

पिस्टननंतर लीडपाइप. या नळीत वाजवणाऱ्याच्या श्वासाचा ओलावा आणि लाळ सगळ्यात जास्त साचते. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. नेहमीच्या पिवळ्या पितळेत साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त असतं. वर्षानुवर्षं ओल राहिली की धातूतलं जस्त निघून जातं आणि तांब्याचा सच्छिद्र, ठिसूळ सांगाडा उरतो. बाहेरून तो गुलाबी-लालसर ठिपक्यासारखा दिसतो आणि ठिपक्याच्या मधोमध बहुधा गडद बिंदू असतो. इंग्रजीत याला ‘रेड रॉट’ म्हणतात. तो घासून जात नाही, कारण तो डाग नसून नळी आतून बाहेरपर्यंत सडल्याची खूण असते. एकदोन बारीक ठिपके असलेला ट्रम्पेट काही वर्षं वाजवता येतो. पुरळ उठल्यासारखे ठिपके असतील, तर लीडपाइप बदलावी लागेल असं गृहीत धरा आणि त्या खर्चासकट भाव जमतो का बघा. लॅकर उडालेल्या जागी पितळ तपकिरी किंवा काळपट होतं, ते वेगळं. त्याने काहीही बिघडत नाही.

बाकीचं भराभर बघून होतं. ट्रम्पेट डोळ्यांच्या रेषेत धरून बेल वाकलेली आहे का पाहा. पडलेल्या ट्रम्पेटची बेल खाली झुकते किंवा एका अंगाला कलते. बेलच्या फुललेल्या भागातले पोचे सुराला फारसे जाणवत नाहीत. लीडपाइप आणि ट्यूनिंग स्लाइडच्या वळणातले पोचे मात्र जाणवतात, कारण तिथे नळी अरुंद असते. व्हॉल्व्हच्या नळकांड्यावर पोचा दिसला तर मी तो ट्रम्पेट खाली ठेवतो. आडवे आधार सांध्यापाशी सुटलेत का, हे बोटाने हलवून बघा. मुख्य स्लाइड काढून लीडपाइपचं उघडं टोक बोटाने बंद करा आणि माउथपीसमधून हळू फुंका. हवा कुठूनही निसटता कामा नये.

कोरीवकामाच्या कडा बोथट आणि पुसट झाल्या असतील, तर कधीतरी यंत्रावर घासून नवं लॅकर चढवलं असणार. त्यात पत्रा पातळ होतो. एकसारखा चमकणारा साठ वर्षांचा ट्रम्पेट म्हणूनच मला जरा संशयास्पद वाटतो, आणि ठिकठिकाणी रंग उडालेला पण कोरीव अक्षरं टोकदार असलेला जास्त विश्वासाचा.

घरी आणल्यावर: आधी सोडवणं

अनेक वर्षं पेटीत पडून राहिलेल्या ट्रम्पेटमध्ये काही ना काही अडकलेलं असतंच. या कामात पक्कड हातात घ्यायचीच नाही, एवढा एक नियम पाळा. ट्रम्पेटच्या नळ्या पातळ आणि सांधे कथलाच्या डाखाचे असतात. अडकलेलं माउथपीस पिळून काढायला गेलं की माउथपीस तसंच राहतं आणि लीडपाइप पिळवटते किंवा तिचा आधार तुटतो. माउथपीस ओढून काढायचं एक खास अवजार असतं, ते प्रत्येक दुरुस्ती करणाऱ्याकडे मिळतं आणि काम दोन मिनिटांत होतं. त्यासाठी एक फेरी मारा.

अडकलेली स्लाइड घरी सोडवता येते. सांध्याच्या कडेने आत झिरपणाऱ्या तेलाचे दोन-तीन थेंब सोडा आणि एक दिवस तसंच ठेवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा थेंब, असं तीन-चार दिवस. मग स्लाइडच्या वळणातून एक मजबूत सुती कापडाची पट्टी ओवा, ट्रम्पेट एका हाताने व्हॉल्व्हच्या जवळ घट्ट धरा आणि पट्टीला स्लाइडच्या सरळ रेषेत छोटा झटका द्या. तिरका ओढाल तर नळ्या फाकतील. पहिल्या झटक्याला काही होत नाही. विसाव्याला कधीतरी केसभर हलते, आणि एकदा हलली की निघतेच. केस वाळवण्याच्या यंत्राने बाहेरची नळी थोडी गरम केली तर मदत होते, पण आधी तेल नीट पुसून घ्या. ज्योत कधीही वापरू नका: ते तेल पेट घेतं, लॅकर जळतं, आणि साधा डाख १८० अंश सेल्सिअसच्या आसपासच वितळतो.

खालच्या टोप्या अडकल्या असतील तर आट्यांवर तेल सोडून लाकडी मुठीने चहूबाजूंनी हलके ठोके द्या आणि रबराचा तुकडा गुंडाळून हाताने फिरवा. पिस्टनच अडकला असेल आणि तेलाने दोन-तीन दिवसांत सैल झाला नाही, तर तो कारागिराकडे न्या. खालून काठी घालून ठोकलेले पिस्टन मी पाहिलेत. त्यांच्या आतल्या नळ्या चेपलेल्या असतात, आणि मग ते कुणालाच सुधारता येत नाहीत.

स्वच्छता

सगळं सुटं झालं की आधी फोटो काढा: कोणता पिस्टन कुठे, कोणती स्प्रिंग वर की खाली, चकत्यांचा क्रम कसा. पिस्टनवर बहुधा १, २, ३ असे आकडे असतात. ते एकमेकांच्या जागी बसवले तर हवा पुढेच जात नाही. काही जुन्या ट्रम्पेटमध्ये स्प्रिंग पिस्टनच्या खाली असते, काहींत वर. मोकळ्या झालेल्या वस्तू एका डबीत ठेवा.

हातमोजे घाला. नळ्यांत साचलेला हिरवा थर म्हणजे पितळ कळकून तयार झालेले तांब्याचे क्षार, ते पोटात जाऊ देऊ नयेत. तो कोरडा खरवडूही नका. ओला करूनच काढा.

टबाच्या तळाशी जुना टॉवेल अंथरा, कोमट पाणी भरा आणि त्यात भांडी घासायच्या सौम्य द्रव साबणाचे काही थेंब टाका. कोमट म्हणजे हात सहज ठेवता येईल इतकं. कढत पाण्याने जुनं लॅकर सुटून निघतं. पिस्टन सोडून बाकी सगळं अर्धा तास बुडवून ठेवा. मग लवचीक तारेचा लांब ब्रश प्रत्येक नळीत दोन्ही बाजूंनी घाला.

लीडपाइपमधून पहिल्यांदा ब्रश बाहेर येतो तेव्हा त्याच्या टोकाला हिरवट-काळा, चिकट गोळा असतो. पाणी गढूळ होतं, एक जुनाट आंबूस वास येतो. दुसऱ्या खेपेला गोळा लहान होतो, पाचव्या-सहाव्या खेपेला ब्रश जवळजवळ स्वच्छ निघतो. मग नळीला डोळा लावून विजेरीच्या उजेडात बघितलं की आतून पिवळी, गोल, मोकळी वाट दिसते. अर्ध्या शतकाचा थर निघालेला असतो, आणि पुढे पहिली फुंक मारताना हा फरक लगेच कळतो.

हट्टी पांढरट थरासाठी पातळ केलेलं व्हिनेगर किंवा सायट्रिक आम्ल चालतं, पण दहा-पंधरा मिनिटांपुरतंच, आणि नंतर भरपूर पाण्याने धुऊन. माझ्या पहिल्या ट्रम्पेटची ट्यूनिंग स्लाइड मी रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवली होती. सकाळी ती निघाली ती गुलाबी होऊन. आम्लाने वरच्या थरातलं जस्तच काढून घेतलं होतं. ती स्लाइड आजही चालते, पण तिचा रंग बाकी अंगाशी कधी जुळला नाही.

पिस्टन हातात धरून वेगळे धुवा, नमद्याच्या चकत्या आणि बूच ओले न करता. भोकांतून छोटा मऊ ब्रश फिरवा. पिस्टनवर टूथपेस्ट, घासणीची पावडर, पॉलिश काहीही लावू नका. खरखरीत काहीही लागलं की ती बारीक फट कायमची वाढते. आणि पिस्टन पडू देऊ नका. ओट्यावरून फरशीवर एकदा पडलेला पिस्टन पुन्हा नळकांड्यात शिरेलच याची खात्री नसते, म्हणून मी हे काम मांडीवर टॉवेल घेऊन करतो. नळकांडी आतून पुसताना काठीला कापड असं गुंडाळा की काठीचं टोकही झाकलं जाईल.

बाहेरच्या अंगाबद्दल माझं मत पक्कं आहे: जितकं कमी कराल तितकं बरं. लॅकर असेल तर ओल्या कापडाने पुसा, बस्स. उघडं पितळ हवं तर हाताने हलकं पॉलिश करा, पण यंत्राची चाकं लावू नका. चांदीचा मुलामा काळवंडला असेल तर तो चांदीवरचा गंधकाचा थर असतो, चांदीच्या पॉलिशने निघतो. मात्र प्रत्येक घासण्यात थोडी चांदीही जाते, म्हणून वर्षातून एकदा पुरे.

लहान भाग बदलणं

चकत्या, बूच आणि स्प्रिंग या तीन वस्तू स्वस्त असतात आणि त्यांनीच जुना ट्रम्पेट पुन्हा तरतरीत होतो. नमदा चेपून पातळ झाला की पिस्टन ठरल्यापेक्षा खाली जातो, आणि त्याची भोकं नळीच्या भोकांसमोर नेमकी येत नाहीत. हे डोळ्यांनी बघता येतं. दुसरी स्लाइड काढा, दुसरा व्हॉल्व्ह दाबून धरा आणि उघड्या नळीत उजेड टाका. पूर्ण गोल दिसला तर ठीक. कडेला चंद्रकोर दिसली तर पिस्टन तेवढा वर किंवा खाली आहे. न दाबलेल्या स्थितीसाठी मुख्य स्लाइड काढून खालच्या नळीतून तिसऱ्या व्हॉल्व्हकडे बघा. हवा आधी तिथेच जाते हे आठवतं ना? दोन्ही ठिकाणी योग्य जाडीच्या चकत्या टाकून हे जुळवता येतं. नवशिक्याला पहिल्या खेपेला हे काम कारागिराकडून करून घेणं सोपं पडेल. या एका कामासाठी खर्च केलेले पैसे सुरात लगेच ऐकू येतात.

पाणी सोडायच्या छोट्या चावीचं बूच तपासा. ते सुकून आक्रसलं असेल तर तिथून हवा गळते आणि काही स्वर विनाकारण डळमळतात. जुनं बूच काढून, खाचा स्वच्छ करून, त्याच मापाचं नवं बूच चिकटवा. चावी दाबून सोडल्यावर ते भोकावर सपाट बसलं पाहिजे.

सुटलेला आधार, वाकलेली बेल, नळीतले पोचे ही कामं घरी करू नका. सुटलेल्या सांध्याला झटपट चिकटणारा गोंद लावून ठेवला, तर नंतर तिथे डाख धरत नाही आणि कारागिराला आधी तो गोंद खरवडत बसावं लागतं.

जोडणी आणि पहिले दिवस

सगळं पूर्ण वाळलं की मुख्य आणि दुसऱ्या स्लाइडला ग्रीस लावा. पहिली आणि तिसरी वाजवताना सरकवावी लागते, तिथे त्याहून पातळ वंगण. पिस्टनला तीन-चार थेंब तेल लावून, आकडे बघून, सरळ खाली सोडा आणि हळू फिरवा. पिस्टनवरचा मार्गदर्शक खुंट नळकांड्यातल्या खाचेत बसला की बारीकसा ‘टिक’ होतो. टोप्या हाताने जेवढ्या आवळल्या जातात तेवढ्याच आवळा. झिज थोडी जास्त असेल तर जुन्या वाद्यांसाठी मिळणारं जरा दाट तेल वापरा, फरक जाणवतो.

पहिला आठवडा तेल काळं होऊन बाहेर येईल. घाबरू नका, आतला उरलेला मळ निघतोय. रोज पिस्टन पुसा, नवं तेल घाला. सात-आठ दिवसांत ते स्वच्छ राहायला लागतं.

माउथपीस मात्र नवं घ्या. जुन्या माउथपीसचा चांदीचा मुलामा उडून उघडं पितळ ओठांना लागतं आणि काहींना त्याने खाज सुटते. सुरुवातीला ७सी हे माप बहुतेकांना जमतं. बाखच्या ७सीचा व्यास १६.२ मिलिमीटर आहे. घेताना ट्रम्पेटचंच घ्या, कॉर्नेट या ट्रम्पेटसारख्याच वाद्याचं नको. कॉर्नेटच्या माउथपीसची दांडी बारीक असते, ती लीडपाइपमध्ये खोल जाऊन डुगडुगते.

थंड ट्रम्पेट सुरात उतरलेला असतो. ट्यूनर (सूर चढा की उतरा ते सुईने दाखवणारं यंत्र) लावण्याआधी त्यात दोन मिनिटं गरम श्वास सोडा. मग मधला जी स्वर, कोणताही व्हॉल्व्ह न दाबता, हळू आणि लांब धरा. सुईकडे बघत मुख्य स्लाइड आतबाहेर करा. सहसा ती एखाद-दीड सेंटिमीटर बाहेर राहते. पूर्ण आत ढकलूनही सूर उतरलेलाच राहिला तर कुठेतरी हवा गळत असावी किंवा माउथपीस नीट बसलं नसावं.

नंतर काही स्वर चढे-उतरे ऐकू येतील. पहिला आणि तिसरा मिळून वाजणारा खालचा डी, आणि तिन्ही दाबून वाजणारा सी शार्प, हे दोन्ही सगळ्याच ट्रम्पेटवर चढे असतात. त्यासाठी तिसऱ्या स्लाइडला बोटाची कडी असते. स्वर धरताना ती थोडी बाहेर सरकवायची. वरचा ई, कोणताही व्हॉल्व्ह न दाबता वाजणारा, किंचित उतरा लागतो. यातलं काहीही तुमच्या ट्रम्पेटचं वय झाल्यामुळे होत नाही. मी सुरुवातीला त्या सी शार्पसाठी तीन आठवडे पिस्टन पुन्हापुन्हा काढून बघत होतो. शेवटी एका अनुभवी वादकाने माझं बोट त्या कडीत अडकवून दिलं, आणि स्वर जागच्या जागी आला.

वाजवून झालं की पाणी सोडा, लीडपाइपमधून एक कापडी दोरी ओढून घ्या, महिन्यातून एकदा कोमट पाण्याची आंघोळ घाला. लीडपाइप सडू न देण्याचा याहून स्वस्त उपाय नाही. पेटी जुनी आणि कुबट असेल तर दोन दिवस उन्हात उघडी ठेवा. आणि ट्रम्पेट पेटीत ठेवण्याआधी माउथपीस काढून त्याच्या खाचेत ठेवा, म्हणजे ते पुन्हा अडकणार नाही.